बघणाऱ्यांची मक्तेदारी

अंध पोराला कुणी मॅचला आणलं की शेजारचा एखादा गृहस्थ हमखास हळहळतो, 'अरेरे, याला काय दिसणार!' स्वतः मात्र मैदानाकडं पाठ करून भेळवाल्याशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालत असतो.

माझं म्हणणं एवढंच, की खेळ ही डोळसांची वडिलोपार्जित इस्टेट नव्हे. आपले खेळ मुळातच बोलके. कबड्डीत चढाई करणाऱ्याला 'कबड्डी कबड्डी' घुमवावंच लागतं. खो-खोत नुसता हात लावून भागत नाही, 'खो' मोठ्यानं द्यावा लागतो. आणि आंधळी कोशिंबीर? तिथं डोळे असलेली मंडळी हौसेनं पट्टी बांधून घेतात, अन् ज्याला पट्टीची गरजच नाही त्याला सांगतात, 'बाळ, तू बाजूला बस हं!'

बाळ ज. पंडित रेडिओवरून मराठीत क्रिकेटचं समालोचन करीत, तेव्हा मॅचच्या बाबतीत धुळं-जळगावचे समस्त डोळस लोक आंधळेच होते. तरी चौकार कुठून गेला ते पानटपरीवर प्रत्येकाला 'दिसत' होतं! मग टीव्ही आला. त्यावरचा समालोचक 'व्वा, काय फटका!' म्हणतो आणि गप्प. कुठं गेला, कुणी अडवला, ते ज्याचं त्यानं बघावं.

अंधांचं क्रिकेट ही काही दयेपोटी काढलेली टूम नाही. चेंडूत छर्रे असतात. तो खुळखुळत, जमिनीलगत येतो. गोलंदाज आधी हाळी देतो. अकरांत किमान चार जण पूर्ण अंध, आणि त्यांच्या धावा दुप्पट धरतात. पहिला विश्वचषक १९९८ साली दिल्लीत झाला. २०१२ मध्ये बंगळुरात पाकिस्तानला हरवून आपण टी-ट्वेंटीचा विश्वचषक जिंकला. २०२५ मध्ये कोलंबोत आपल्या मुलींनी तो पराक्रम केला. या खेळात प्रेक्षकांनी एकच करायचं, चेंडू येताना गप्प बसायचं. नेमकी इथंच आपली विकेट पडते!

आता आपल्या खानदेशातल्या टेनिस बॉलच्या सामन्यांना चला. कर्णा असतो, माईकवाला असतो, पण चार षटकं होईतो तो 'अमुक साहेबांचं आगमन झालेलं आहे' यातच अडकलेला. गर्दी ओरडते. पोरगं विचारतं, 'कोन आऊट व्हयना, भो?' उत्तर येतं, 'साहेबांचा सत्कार नारळ देऊन होत आहे!'

त्या पोराला तुमची हळहळ नको आहे. चेंडू पडेपर्यंत तुमचं तोंड मिटलेलं हवं आणि पडल्यावर उघडलेलं. आपण बरोबर उलटं करतो.

कर्ण्याचं भाडं आपल्याच वर्गणीतून जातं. तेव्हा पुढच्या खेपेला मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात आली, की पैसे काढण्याआधी विचारा, 'काय रे, यंदा माईकवर स्कोअर सांगणार, की साहेब?'