नुसतं इटालियन? जरा थांबा, बॉस!

इटालियन म्हटलं की आपल्याला आठवतो पिझ्झा, पास्ता आणि फार तर फेरारी. पण चांगली नोकरी सोडून इटलीत भाषा-संस्कृतीची डिग्री करायचं मनात असेल, तर आधी कागद-पेन घेऊन बसा.

तिथली पदवी तीन वर्षांची, १८० क्रेडिट्सची. एक क्रेडिट म्हणजे २५ तासांचा अभ्यास. झाले ४५०० तास! ते सगळे व्याकरणात घालवायचे? छे! १८६१ मध्ये इटली एक देश झाला, तेव्हा बहुतेक लोक घरी आपापली बोलीच बोलायचे. आजच्या प्रमाणभाषेचा पाया म्हणजे दान्तेच्या फ्लॉरेन्सची बोली. म्हणजे भाषेबरोबर इतिहास अन् साहित्य आलंच.

आता त्याला तुमचं काहीतरी जोडा. आर्किटेक्ट असाल तर कलेचा इतिहास, मीडियात असाल तर फेलिनीचा सिनेमा, मार्केटिंगवाल्यांना मिलानची फॅशन. मात्र पूर्णपणे स्वतःच्या पसंतीचे क्रेडिट्स मिळतात ते किमान १२. बाकीचा बराचसा साचा आधीच ठरलेला. त्यामुळे तुमचा जोडविषय मूळ अभ्यासक्रमातच आहे ना, हे प्रवेशाआधी तपासा.

इटालियन माध्यमासाठी साधारण बी-टू पातळी लागते. सिएनाची ‘चिल्स’ किंवा पेरुजाची ‘चेली’ परीक्षा नोकरी सांभाळून देता येते. राजीनामा त्यानंतर!

नुसतं ‘चाव’ म्हणायला कॉफी शॉप पुरे आहे. ४५०० तास द्यायचे, तर परतताना हातात काय असेल ते आजच ठरवा.