ड्रायव्हरला भाडं विचारतो, झोप विचारत नाही

गेल्या बकरी ईदनंतर अकोल्याहून पुण्याला परत निघायचं होतं. मोबाइलच्या नकाशानं तीन वाटा दाखवल्या आणि सगळ्यात कमी वेळाची वाट निळी करून दिली. मामू बाजूला बसून बघत होते. आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस. वरूड-मोर्शीची संत्री त्यांनी कुठे कुठे पोहोचवली, याचा हिशोब नाही. म्हणाले, "बेटा, याला रस्ता माहीत आहे, रस्त्यावर काय होतं ते माहीत नाही. चल, अड्ड्यावर विचारू."

अड्डा म्हणजे मूर्तिजापूर रोडवरची चहाची टपरी. तिथं तीन-चार ड्रायव्हर होते. एक ट्रॅव्हल्सचा, एक ट्रकवाला, एक भाड्याची कार चालवणारा. प्रश्न साधा होता, पुण्याला कुठून जावं? उत्तराला अर्धा तास लागला. एक म्हणाला, पातूर, मालेगाव करून समृद्धी धरा, औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, सावंगीला उतरा आणि नगरमार्गे निघा. दुसऱ्याचं म्हणणं, रात्री पातूरच्या घाटातून जाऊ नका, बार्शीटाकळी-मंगरूळपीर करून शेलूबाजारला समृद्धीवर चढा. तिसरा जुन्याच वाटेवर ठाम होता, खामगाव, चिखली, देऊळगाव राजा, जालना. मी विचारलं, नवा रस्ता असताना जुना का? तो म्हणाला, "जुन्या रोडवर खड्डेच जागं ठेवते. समृद्धीवर गाडी पयते अन् माणूस झोपते."

सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण दोन वर्षांपूर्वीची एक रात्र आठवली.

खाला गेल्याचा फोन पुण्यात रात्री आठला आला. जनाजा सकाळी दहाला होता. मी आणि दोन चुलतभावांनी एका ट्रॅव्हल एजन्सीतून गाडी मागवली. फोनवर मी तीन गोष्टी विचारल्या: भाडं किती, एसी आहे का, आणि सकाळी नऊच्या आत पोहोचवणार का. निघाल्यापासून मी ड्रायव्हरच्या मागे लागलो होतो. "भाई, जरा दाबा." सावंगीला समृद्धी लागली, गाडी एकशेवीसवर गेली, आणि आम्ही तिघं झोपलो. पहाटे तीनच्या सुमारास, जालना मागे टाकल्यावर, पत्रा घासल्याचा आवाज आला. गाडी डाव्या बाजूच्या कठड्याला घासत चालली होती. आरसा उडाला, दरवाजा चेपला. आम्ही वाचलो. ड्रायव्हर उतरून रस्त्याच्या कडेला खालीच बसला. तेव्हा कळलं, आदल्या रात्री त्यानं मुंबई विमानतळाची फेरी केली होती आणि दिवसभर कंपनीचे पिकअप. मी चिडून विचारलं, "मग नाही का म्हणाला नाहीत?" तो म्हणाला, "साहेब, नाही म्हटलं असतं तर मालकानं दुसऱ्याला पाठवलं असतं. हप्ता माझाच थकला असता."

अकोल्यात पोहोचलो तेव्हा दफन झालेलं होतं. कबरीवर मूठभर माती टाकली. त्या दिवसापासून एक गोष्ट मनातून जात नाही. गाडी त्यानं चालवली, पण ती रात्र मी ठरवली होती.

आता रस्त्याबद्दल. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आणि दहा जिल्ह्यांतून जाणारा. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. अमरावती आणि वाशीम जिल्ह्यांतून तो जातो, अकोला जिल्ह्यातून जात नाही. म्हणजे अकोलेकराला आधी तासभर साध्या रस्त्यानं जाऊन मग वर चढावं लागतं. टपरीवरच्या वादाचं मूळ हेच.

या रस्त्याला वाईट म्हणण्यासाठी मी लिहीत नाही. वऱ्हाडातल्या पेशंटला नागपुरात लवकर पोहोचवणारा रस्ता आहे हा. समोरून येणारं वाहन नाही, दुचाकी नाही, ट्रॅक्टर नाही, चौक नाही. पण प्रत्येक रस्ता जुने धोके काढून घेतो तेव्हा नवे ठेवून जातो. जुन्या महामार्गावर दिवा नसलेली ट्रॉली, उलट्या दिशेनं येणारी मोटारसायकल, ढाब्यासमोर फोडलेला दुभाजक. समृद्धीवर सरळ, एकसारखा, शांत रस्ता. डोळे उघडे असतात आणि मेंदू झोपलेला असतो. नागपूरच्या व्हीएनआयटीतल्या अभ्यासकांनीही समृद्धीच्या बाबतीत या 'महामार्ग संमोहना'कडे बोट दाखवलं. ड्रायव्हर तेच टपरीवर सांगत होते.

थोडा हिशोब करू. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. तीन सेकंद डुलकी लागली तर गाडी १०० मीटर कोणाशिवाय चालली. ताशी ८० च्या तुलनेत वेग दीडपट होतो, पण धडकेची ऊर्जा सव्वादोनपट होते. म्हणून तिथली चूक लहान राहत नाही.

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथं नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली. २५ जण गेले. त्यातल्या २४ जणांवर बुलढाण्यात सामूहिक अंत्यसंस्कार झाले. टायर फुटला असं सुरुवातीला सांगितलं गेलं, परिवहन खात्याच्या प्राथमिक अहवालात मात्र तसा पुरावा मिळाला नाही. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरच्या रात्री वैजापूरजवळ जांबरगाव टोलनाक्यापाशी टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकवर आदळला आणि १२ जण गेले. ते सैलानी बाबांच्या दर्ग्याहून नाशिककडे परतणारे भाविक होते. गाडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. पुढचा ट्रक रस्त्यावर थांबवल्याच्या आरोपावरून परिवहन विभागाच्या दोन अधिकाऱ्यांना अटक झाली. एकाच अपघातात किती हात असतात बघा. चालवणारा, माणसं कोंबणारा, ट्रक थांबवणारा, आणि रात्रीच परत निघू म्हणणारे आपण.

तरी प्रत्येक वेळी शेवटी शिक्का एकच पडतो: मानवी चूक. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे सर्व्हर पडला की पहिल्या दिवशी ज्युनियर मुलाचं नाव निघतं, त्यानं चुकीची कमांड दिली. बरी टीम तिथं थांबत नाही. एका कमांडनं सगळं पडूच कसं शकलं, हा पुढचा प्रश्न ती विचारते. रस्त्यावर आपण त्या पुढच्या प्रश्नापर्यंत जात नाही. ड्रायव्हर झोपला, हे शोधाचं पहिलं वाक्य आहे. तो किती तास जागा होता, त्याला कोणी पाठवलं, थांबायला जागा कुठे होती, ही पुढची वाक्यं कोणी लिहीत नाही. समृद्धी सुरू झाला तेव्हा पंप, शौचालयं, खाण्याची ठिकाणं मोजकीच होती. थांबण्याची सोय नसलेल्या रस्त्यावर 'थकवा आल्यास थांबा' ही पाटी कोणाला उद्देशून असते?

वऱ्हाडच्या दुसऱ्या रस्त्याचीही गोष्ट आठवा. अमरावती-अकोला महामार्ग वर्षानुवर्षं रखडला होता. मग ३ ते ७ जून २०२२ दरम्यान लोणी ते माना ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज विक्रम झाला. काम करणाऱ्या हातांचं कौतुकच आहे. पण तो आकडा एका लेनचा होता, दोन लेनचा रस्ता म्हणून मोजला तर साडेसदतीस किलोमीटर. आपल्याला रस्ता बांधल्याचा वेग तोंडपाठ आहे. त्या रस्त्यावर कोणत्या वळणावर रोही आडवे येतात, पावसात कुठे पाणी साचून चाक तरंगतं, समृद्धीवरून उतरल्यावर वेगाची सवय न सुटल्यानं गावातल्या पहिल्या गतिरोधकावर किती गाड्या उडतात, हे मात्र टपरीवरच राहतं.

सरकारकडे नोंद होते ती अपघाताची. केंद्राची आयरॅड नावाची प्रणाली आहे, तीत पोलीस अपघाताची माहिती भरतात. चांगली गोष्ट आहे. पण माझी ती रात्र तिथं कधीच गेली नाही, कारण कोणी मेलं नाही. 'थोडक्यात वाचलो' याला आपल्याकडे रकाना नाही. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिकांसाठी नासा अशी नोंद चालवते. वैमानिक आपली चूक किंवा हुकलेला अपघात कळवतो, नाव गुप्त राहतं, आणि त्यातून इतरांना इशारा मिळतो. विमानाला जमतं ते ट्रकला का जमू नये?

आता थोडं आपल्या घरातलं. आपल्या मोहल्ल्यांत ड्रायव्हर, क्लीनर, पंक्चरवाले, डेंटिंग-पेंटिंगवाले किती आहेत, हे वेगळं सांगायला नको. पण दोन ट्रकांचे मालकही आपलेच चाचा आहेत, आणि सलग दुसऱ्या रात्री गाडी काढायला सांगणारेही तेच. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं दिवसाला आठ तास आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती अशी मर्यादा घातली. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता. दोन ट्रकांचा मालक कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला, तरी जबाबदारीच्या बाहेर राहत नाही.

पिंपळखुट्याच्या अपघातानंतर त्या जागी अपघात थांबावेत म्हणून यंत्र पुरल्याची बातमी आली आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. आपल्याकडच्या काहींनी ती बातमी हसत पुढे पाठवली. त्यातल्या किती जणांच्या गाडीच्या आरशाला तावीज लटकत होता? घासलेल्या टायरवर ७८६ लिहून टायर नवा होत नाही. आधी उंट बांधावा, मग तवक्कुल करावा, ही शिकवण आपण मुलांना देतो. आजचा उंट म्हणजे टायर, ब्रेक आणि ड्रायव्हरची झोप.

आणि जनाजा. लवकर दफन करावं हे खरं. पण जनाज्याची नमाज फर्ज-ए-किफाया आहे. काहींनी पढली की सगळ्यांच्या डोक्यावरचा फर्ज उतरतो. पाचशे किलोमीटरवरून रात्रीतून पोहोचलंच पाहिजे, असं दीन म्हणत नाही, आपली भीड म्हणते. घरातल्या मोठ्यांनीच फोनवर सांगावं, सकाळी निघा, कबरीवर दुआ करायला उद्या या. हे एक वाक्य मला त्या रात्री कोणी म्हणालं असतं तर मी ऐकलं असतं.

मित्रांनो, हे आपल्याला लगेच करता येण्यासारखं आहे. गाडी ठरवताना भाड्याच्या आधी विचारा, "भाई, काल रात्री झोप झाली का?" नाही म्हणाला तर त्याचं भाडं न बुडवता निघायची वेळ बदला. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात जुनं रबर कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून ते आकडे वाचायला शिका. अपघात दिसला तर थांबून १०८ ला फोन लावा. मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ अ संरक्षण देतं. आपल्या नावामुळे चौकशीत अडकू, ही भीती अनेक मुलांना वाटते. कलम पाठ असलं की ती थोडी कमी होते.

संघटना म्हणूनही एक काम घेता येईल. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावतीच्या स्टँडवर महिन्यातून एकदा ड्रायव्हरांसोबत बसायचं. ड्रायव्हरचं नाव नाही, गाडीचा नंबर नाही, मालकाचं नाव नाही. फक्त जागा, वेळ आणि काय होता होता वाचलं. शीट मी बनवून देतो, दोन तासांचं काम आहे. तीन महिन्यांच्या नोंदी जमल्या की महामार्ग पोलीस, रस्ते विकास महामंडळ आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे ठेवायच्या. आणि हे फक्त आपल्या मोहल्ल्यापुरतं ठेवायचं नाही. त्या टपरीवर चार ड्रायव्हर होते, त्यांची नावं एका धर्माची नव्हती, आणि झोप चौघांनाही सारखीच येत होती.

मी त्या दिवशी पुण्याला कोणत्या वाटेनं गेलो? मामूंनी वाद मिटवला. म्हणाले, "वाट कोणतीही धर. आज निघू नको, रात्र झाली. फजर पढून निघ." नकाशानं हा चौथा पर्याय दाखवला नव्हता.