पाण्याइतकाच हवेचाही हिशेब

इमारतीच्या अग्निसुरक्षेची तपासणी म्हटली की पावले आधी पंपरूमकडे वळतात. भूमिगत टाकीत पाणी किती, जॉकी पंप आपोआप चालू होतो का, गच्चीवरच्या हायड्रंटला दाब किती मिळतो, होज रील शेवटच्या खोलीपर्यंत पोहोचते का, हे सारे आपण आकड्यांत मोजतो आणि ते मोजलेच पाहिजे. पण त्याच इमारतीत जिन्याचा अग्निरोधक दरवाजा विटेचा तुकडा लावून उघडा ठेवलेला असतो. क्लोजरचा दांडा सोडवून बाजूला वळवलेला असतो, कडेची उष्णतेने फुगणारी पट्टी ऑइलपेंटच्या दोन हातांखाली गेलेली असते, आणि अहवालात मात्र ‘दरवाजे बसवलेले आहेत’ एवढीच नोंद होते. हा प्राधान्यक्रम आगीच्या विज्ञानाला धरून नाही, असे आमचे म्हणणे आहे. एकदा खोली पुरती पेटली की आग किती मोठी होणार हे तिथे किती सामान आहे यापेक्षा तिला हवा किती मिळते यावर ठरते. म्हणून दरवाजा, डक्ट आणि शाफ्ट ही आग आटोक्यात ठेवण्याची पहिल्या फळीतली साधने आहेत आणि त्यांची तपासणी पंपाइतकीच काटेकोर व्हायला हवी.

इंधन, ऑक्सिजन, उष्णता आणि या तिघांना जोडणारी रासायनिक साखळी, हा धडा प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी होतो. त्यातून इंधन आणि उष्णता लक्षात राहतात. हवा सगळीकडे असतेच म्हणून तिचा विचार मागे पडतो. न्हाणीघरातला बंब पेटवणाऱ्या पिढीला हे शिकवावे लागले नव्हते. खालची जाळी राखेने भरली की लाकडे कितीही घाला, बंब धुमसतच राहतो, हे ती पिढी रोज पाहत होती. शास्त्राने त्याला आकडा दिला तो १९१७ मध्ये. थॉर्नटन या ब्रिटिश संशोधकाने दाखवून दिले की बहुतेक सेंद्रिय पदार्थ जळताना दर किलो ऑक्सिजनमागे निघणारी उष्णता जवळपास सारखीच असते. आज आपण ती १३.१ मेगाज्यूल धरतो. हवेच्या भाषेत सांगायचे तर एक किलो हवेमागे सुमारे ३ मेगाज्यूल. लाकूड, कापूस, फोम, प्लास्टिक यांपैकी काय जळते आहे याने या आकड्यात फारसा फरक पडत नाही. म्हणजे खोलीत येणारी हवा मोजली की तिथल्या आगीची कमाल मर्यादा कळते.

हा हिशेब प्रत्यक्ष मांडून पाहू. तीन मीटर रुंद, चार मीटर लांब आणि तीन मीटर उंच खोलीत ३६ घनमीटर, म्हणजे सुमारे ४२ किलो हवा मावते. दारे-खिडक्या नीट बंद असतील, तर त्यातला सगळा ऑक्सिजन आगीला वापरता येत नाही. हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण २१ टक्क्यांवरून १५ टक्क्यांच्या आसपास उतरले की ज्वाळा तग धरत नाहीत. त्यामुळे ४२ किलोंतली जेमतेम एक तृतीयांश हवा कामी येते आणि साधारण ४० मेगाज्यूल उष्णता बाहेर पडते. सोफ्यातला दीड-दोन किलो फोम जळला की एवढी उष्णता निघते. आता याच खोलीचे ०.९ मीटर रुंद, २ मीटर उंच दार सताड उघडे ठेवा. जपानमध्ये कावागोए यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या संबंधानुसार आत येणारी हवा दाराचे क्षेत्रफळ आणि त्याच्या उंचीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. या दारासाठी ती सेकंदाला सव्वा किलोच्या आसपास भरते आणि तिच्यावर ३.८ मेगावॅटची आग पोसली जाते. म्हणजे बंद खोलीत जेवढी उष्णता एकूण निघाली असती, तेवढी उघड्या दारामुळे दर दहा-अकरा सेकंदांना निघत राहते, तीही खोलीतले सामान संपेपर्यंत. प्रत्यक्षात फटी असतात, काचा तडकतात, म्हणून हे आकडे अंदाजाचेच मानावेत. पण दोन स्थितींमधले अंतर इतके प्रचंड आहे की अंदाज बराच चुकला तरी निष्कर्ष बदलत नाही.

उघड्या दारातून हवा आत येते, तसा धूरही बाहेर पडतो, आणि माणसे बहुतेक वेळा दगावतात ती धुराने. तीनशे अंश सेल्सियसला तापलेल्या वायूची घनता भोवतालच्या हवेच्या जवळपास निम्मी असते, त्यामुळे जिना आणि शाफ्ट हे त्याच्यासाठी धुरांडे बनतात. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आगीपासून कित्येक मजले दूर असलेला माणूस भाजण्याआधीच बेशुद्ध पडतो तो यामुळे. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी आग लागली ती तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला. मृत्यू मात्र वर बाल्कनीत अडकलेल्या प्रेक्षकांचे झाले. ५९ जण गेले, तेही गुदमरून. कोलकात्याच्या आम्री रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे तळघरात साठवलेल्या सामानाने पेट घेतला, धूर वरच्या वॉर्डांत शिरला आणि सुमारे ९० जण प्राणांना मुकले. मुंबईत गोरेगावला ६ ऑक्टोबर २०२३ रोजी आग खाली वाहनतळात भडकली, धुराने रहिवाशांना वर गाठले. तिन्ही ठिकाणी आगीची जागा आणि मृत्यूची जागा वेगळी होती, आणि त्या दोहोंना जोडणारी वाट इमारतीनेच मोकळी ठेवली होती.

पाणी मुबलक असेल तर एवढी चिंता का करायची, असा पहिला आक्षेप येईल. पाण्याची ताकद वादातीत आहे. एक लिटर पाणी पूर्ण वाफ होईपर्यंत सुमारे अडीच मेगाज्यूल उष्णता शोषते. त्या हिशेबाने ३.८ मेगावॅटच्या आगीला सेकंदाला दीड लिटर पाणी पुरावे. बरेचसे वाया जाते म्हणून प्रत्यक्षात कितीतरी अधिक लागते. पण प्रश्न ते पाणी आगीवर कोण आणि केव्हा मारणार हा आहे. अमेरिकेतील अंडररायटर्स लॅबोरेटरीजने दोन दिवाणखाने पेटवून तुलना केली. जुन्या धाटणीच्या लाकडी, सुती सामानाच्या खोलीला फ्लॅशओव्हरपर्यंत, म्हणजे सगळी खोली एकदम पेटण्यापर्यंत, जायला जवळपास अर्धा तास लागला. फोम आणि कृत्रिम धाग्यांच्या सामानाची खोली चार मिनिटांच्या आत तिथे पोहोचली. आपल्या शहरांतल्या वाहतुकीतून चार मिनिटांत अग्निशमन बंब दारात येईल, जवान वर चढतील आणि होज जोडतील, असे कोणीही छातीठोकपणे सांगणार नाही. स्प्रिंकलर वेळेत फुटतो हे खरे, पण असंख्य जुन्या इमारतींत तो नाही; आणि जिथे आहे तिथेही गरम वायू छताखाली साचले तरच त्याचा बल्ब लवकर तापतो. दार-शाफ्ट उघडे असतील तर ती उष्णता दुसरीकडे निघून जाते. म्हणजे पाण्याची व्यवस्थासुद्धा हवेच्या बंदोबस्तावर विसंबून आहे.

दुसरा आक्षेप जाणकारांचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. हवा तोडली की अर्धवट ज्वलन होते, कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण वाढते, आणि नंतर कोणी दार उघडले तर बॅकड्राफ्टचा, म्हणजे साचलेले वायू ताज्या हवेने एकदम भडकण्याचा, धोका उभा राहतो. हे दोन्ही खरे आहे. पण विषारी वायूचे प्रमाण आणि त्याची एकूण राशी यांत गल्लत होऊ नये. बंद खोलीत दोन किलो फोम जळून झालेला विषारी धूर बव्हंशी त्याच खोलीत राहतो. उघड्या दाराच्या खोलीतल्या आगीलाही फ्लॅशओव्हरनंतर हवा अपुरीच पडते, म्हणून तिथेही अर्धवट ज्वलन होतेच. फरक एवढाच की तिथे जळते ते पूर्ण सामान आणि धूर जातो थेट जिन्यात. आत माणूस असताना दार लावून घ्या, असे अर्थातच कोणी म्हणत नाही. बाहेर पडणाऱ्या शेवटच्या माणसाने ते ओढून घ्यायचे आहे. बॅकड्राफ्टचे उत्तर प्रवेशाच्या शिस्तीत आहे. पाण्याने भरलेली होज हातात असल्याशिवाय दार उघडायचे नाही, उघडल्यावर एका जवानाने दाराशीच थांबून फट ताब्यात ठेवायची. जर्मनीतील दले याच हेतूने चौकटीत अडकवायचा धूररोधक पडदा वापरतात.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: आपल्या हवामानात जिना कोंदट होतो, वृद्धांना जड दार ढकलवत नाही, रहिवासी ऐकत नाहीत. गैरसोय खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहेत. एरवी दार उघडे धरून अलार्म वाजताच सोडून देणारा विद्युतचुंबक रुग्णालये आणि कार्यालयांसाठी योग्य आहे. सोसायट्यांत क्लोजरचा जोर जुळवून घेता येतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ जण मृत्युमुखी पडले. तिथे बाह्य आवरणाने आग पसरवली हे सर्वज्ञात आहे. पण चौकशीत हेही दिसले की अनेक सदनिकांच्या दारांचे क्लोजर मोडलेले वा काढलेले होते आणि त्यामुळे धूर लॉबीत शिरला. त्यानंतर इंग्लंडने ११ मीटरहून उंच निवासी इमारतींत सामाईक भागातली अग्निरोधक दारे दर तीन महिन्यांनी तपासण्याची सक्ती केली. रहिवाशांच्या सवयीवर हवाला ठेवून चालणार नाही, हे ओळखूनच ही सक्ती आली.

आपल्याकडे त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या चौथ्या भागात आग एका कप्प्यात रोखण्याच्या आणि शाफ्ट मजल्यागणिक बंद करण्याच्या तरतुदी आहेत. महाराष्ट्राच्या २००६ च्या अधिनियमानुसार दर जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, द्यावाच लागतो. उणीव आहे ती प्रमाणपत्रामागच्या कामात. परवानाधारक एजन्सीने प्रत्येक मजल्याच्या इलेक्ट्रिक डक्टचे झाकण उघडून पाहावे. नंतर आलेल्या इंटरनेट आणि सीसीटीव्हीच्या केबलसाठी पाडलेली भोके अग्निरोधक साहित्याने बुजवली नसतील तर मजला आणि जागा लिहून नोंद करावी. जिन्यात हवेचा दाब राखणारी यंत्रणा असेल तर तिची चाचणी दारे मिटलेली असतानाच्या दाबानिशी घ्यावी, नुसता पंखा फिरतो एवढ्यावर समाधान मानू नये. आणि प्रत्येक अग्निरोधक दार एकदा पूर्ण उघडून, एकदा वीतभर उघडून सोडून द्यावे. ते दोन्ही वेळा आपण होऊन खिटी पडेपर्यंत मिटले नाही, तर पंप बंद असल्याइतकाच तो गंभीर दोष मानावा आणि दुरुस्ती होईपर्यंत सही रोखून धरावी.