कपाटावरची बाहुली

गेल्या दिवाळीत आमच्या सहा वर्षांच्या नातीला बाहुली घेऊन देण्याचा पराक्रम आम्ही केला. हाटकेशहून दुकानापर्यंतच्या रिक्षात आम्ही तिच्याशी बाहुलीविषयी अवाक्षर बोललो नाही. बोललो ते किमतीविषयी. "नीट बघून घे हं, फार महाग असते ती!" परिणाम असा, की दुकानदाराने खोका हातात देताच पोरीने बाहुलीचा चेहरा पाहण्याआधी तो उलटा करून मागची चिठ्ठी शोधली. अडीच हजार रुपये! काही तरी गुन्हा करताना सापडल्यासारखी ती आमच्याकडे पाहू लागली.

घरी आल्यावर बाहुली खोक्यासकट कपाटावर चढली. "हात लावायचा नाही, खराब होईल." पाहुणे आले की ती खाली उतरते, तिची किंमत सांगितली जाते, आणि ती पुन्हा वर जाते. आता, वाचकहो, तुम्हीच सांगा, ही बाहुली आम्ही घेतली कोणासाठी?

यावर शहाण्यांचे उत्तर तयारच असते: मुलांना पैशाची किंमत कळायला हवी. छे! सहा वर्षांच्या पोरीला अडीच हजार म्हणजे काय ते कळत नाही. तिला कळते ते एवढेच, की घरात तिच्याहून जपायची अशी एक वस्तू आली आहे. ऐपत नसेल तर घरीच स्वच्छ 'नाही' म्हणा. मूल दोन घटका रडेल आणि विसरेल. पण दुकानात न्यायचे, हौसेने घ्यायचे आणि मग वर्षभर उपकार मोजायचे, हा कोणता न्याय?

दोष परक्या कंपन्यांवर ढकलण्याची आपल्याकडे सोय आहे. अमेरिकेतल्या रूथ हँडलरबाईंनी आपल्या बार्बरा या मुलीच्या नावावरून बार्बी काढली आणि १९५९ साली न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या मेळ्यात मांडली. बाहुली तीन डॉलरला, तिचे कपडे मात्र निराळे विकत! एकदा बाहुली घेतली की पोशाखांचे गिऱ्हाईक आपोआप बांधले गेले. धंदा पक्का, यात शंका नाही. पण त्या बाईंनी काही बाहुली कपाटावर ठेवायला सांगितले नव्हते. आणि स्वदेशीचे अभिमानी तरी काय करतात? सावंतवाडीच्या चितारआळीतून लाकडी फळे, भाज्या आणतात आणि 'आपली कला' म्हणून काचेआड मांडतात! मुले बाहेरून बघतात.

आमच्या आजीच्या काळी लाकडाची ठकी असे. तिचा रंग उडे, नाक झिजे, पोरी तिला न्हाऊ घालीत, तिचे लग्न लावीत, रुसून तिला कोपऱ्यात फेकीतही. झिजलेल्या ठकीबद्दल कोणी हिशेब मागितल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

परवा नात स्वयंपाकघरातले लाटणे फडक्यात गुंडाळून थोपटत बसली होती. त्याचे नाव तिने ठेवले आहे. आम्हांला सांगायला तयार नाही. कपाटावरच्या बाहुलीला मात्र खोक्यावर छापलेलेच नाव आहे.

या दिवाळीत आम्ही तो खोका खाली काढणार आहोत. बाहुलीचे हात मागच्या पुठ्ठ्याला तारेने बांधलेले आहेत, ते सोडवायला कात्री लागेल. सूनबाई म्हणतात, "बाबा, केस विंचरून विंचरून आठ दिवसांत वाट लावील ती!" लावू द्या.