घरचा सलामीवीर

कळमेश्वरचा माणूस नागपूरला निघाला, की तो कचेरीला तरी निघालेला असतो नाही तर दवाखान्याला. मी मात्र २०२४ च्या फेब्रुवारीत डबा घेऊन रणजी सामना पाहायला निघालो. आमच्या सौभाग्यवतींनी डबा देताना माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिचे वर्णन न केलेले बरे! पण सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर फैज फजल हरयाणाविरुद्ध शेवटचा सामना खेळत होता.

२००३ साली, अठराव्या वर्षी, पहिल्याच सामन्यात या डावखुऱ्या सलामीवीराने जम्मू-काश्मीरविरुद्ध १५१ धावा काढल्या. त्या वेळचा विदर्भ म्हणजे बलाढ्य संघांचा आवडता यजमान. १९५७-५८ पासून आम्ही रणजी खेळत होतो आणि सामना अनिर्णित राहिला तरी पेढे वाटावेत, इतकी हरण्याची सवय झाली होती. असल्या घरी गुणी पोर किती दिवस राहणार? मध्यंतरी फैजही रेल्वेच्या संघाकडून खेळून आला. तेव्हा मला त्याचा भारी राग आला होता. वास्तविक मी स्वतः वर्गातल्या हुशार मुलांना दर वर्षी सांगतो, ‘बाबांनो, पुण्याला जा.’ पण सांगितलेले ऐकून गेलेल्यांतला परत कोणी येत नाही, हा आला.

२०१६ साली हरारेला झिंबाब्वेविरुद्ध तो भारताकडून एक दिवसाचा सामना खेळला. नाबाद ५५! आणि मग पुन्हा बोलावणेच आले नाही. दुसरा एखादा रुसून बसला असता. हा २०१७-१८ च्या हंगामात विदर्भाचा कर्णधार म्हणून उतरला आणि ९१२ धावा करून गेला. सोबत प्रशिक्षक चंद्रकांत पंडितांची शिस्त आणि वसीम जाफरचा अनुभव होता. कोलकात्याला कर्नाटकाला अवघ्या पाच धावांनी हरवले तेव्हा शेजारच्यांना वाटले, आमच्याकडे चोर शिरले. पुढे इंदूरच्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने हॅट्‌ट्रिक घेतली, दिल्ली हरली आणि १ जानेवारी २०१८ ला करंडक प्रथमच विदर्भात आला. पुढच्याच वर्षी जामठ्याला सौराष्ट्राला हरवून फैजने तो राखलाही.

शेवटच्या त्या सामन्याला मैदानात तुरळक माणसे होती. माझ्या शेजारी बसलेल्या पेन्शनर गृहस्थांनी माझ्या डब्यातली एक पोळी खाल्ली आणि म्हणाले, “आमच्या काळी इथे आपण फक्त दुसऱ्यांची शतके पाहत होतो हो.”

तीन आठवड्यांनी विदर्भ पुन्हा अंतिम सामन्यात पोचला, मुंबईने हरवले. पण २ मार्च २०२५ ला, पहिल्या डावातल्या आघाडीवर केरळला मागे टाकून, तिसऱ्यांदा करंडक घेतला. कर्णधार अक्षय वाडकर, फैजच्याच हाताखाली तयार झालेला. दानिश मालेवारच्या १५३ धावा, हर्ष दुबेचे हंगामातले विक्रमी ६९ बळी. ही सगळी इथलीच पोरे, आणि खेळायला त्यांना कुठे जावे लागले नाही.

त्या संध्याकाळी पुण्याहून आमच्या चिरंजीवांचा फोन आला. “बाबा, जिंकलो आपण!”

पुण्याला दोन वर्षे राहूनही तो ‘आपण’ म्हणाला. शिक्षण संपल्यावर नोकरी कुठे बघणार, हे विचारायचे माझ्या ओठांवर आले होते. मी सामन्याबद्दलच बोलत राहिलो.