लिलावाआधीची चाळणी : गुणवत्ता मोजणारा हात कोणाचा?

"खेळात जात नसते." आरक्षणाच्या प्रत्येक वादात हे वाक्य आपल्या तोंडावर फेकले जाते. मॅटवर चढाईला आलेल्याला कोणी आडनाव विचारत नाही, पकड करणारा जात बघून पाय धरत नाही, जो गुण घेतो तो पुढे जातो. मग तुम्हाला नोकरीत आणि शिक्षणात आरक्षण कशाला हवे? प्रस्थापितांनी हे म्हणावे यात नवल नाही. पण पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातल्या वस्त्यांमध्ये काम करताना मी हेच वाक्य आपल्या पोरांच्या तोंडून ऐकते. ती कबड्डी खेळतात, प्रो कबड्डीचे स्वप्न बघतात, आणि निवड झाली नाही की "आपल्यातच दम नव्हता" म्हणून गप्प बसतात. हा लेख त्या गप्प बसण्याविरुद्ध आहे.

निवड चाचणीत गुणवत्ता मोजली जाते, हे मला मान्य आहे. पण चाचणीपर्यंत पोहोचतो कोण, मोजतो कोण, आणि मोजून झाल्यावर कोणाला कोणती जागा दिली जाते, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय 'गुणवत्ता' हा शब्द अर्धवट आहे.

बोली लागते कशावर?

प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली. पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली, १२ लाख ८० हजारांची. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतसाठी तेलुगु टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले, तर आपल्या शेजारच्या बालेवाडीत खेळणाऱ्या पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतले आणि २०२४ च्या मार्चमध्ये विजेतेपद मिळवले. त्या लिलावात खेळाडूंचे चार गट होते. 'अ' गटाची पायाभूत किंमत ३० लाख, 'ड' गटाची ९ लाख. महिन्याला पंधरा-अठरा हजारांवर राबणाऱ्या मुलाला ९ लाखांचा आकडासुद्धा आभाळाएवढा वाटतो.

पण लिलाव ही शेवटची पायरी आहे. नव्या पोराची खरी निवड त्याच्या कितीतरी आधी होते : जिल्हा संघाच्या निवड चाचणीत, राज्य अजिंक्यपद स्पर्धेत, संघमालकांच्या अकादमीत, खेळाडू हेरणाऱ्यांच्या वहीत. तिथे चढाईपटूचे काय बघतात? पायांची हालचाल, हाताची पोच, दम, बोनस घेण्याची नजर, आणि तिसऱ्या निर्णायक चढाईत तो डगमगतो का. बचावपटूचे काय बघतात? घोट्याची पकड घेण्याची वेळ, ब्लॉक, डॅश, शेजाऱ्याशी जुळणारी साखळी. त्याशिवाय वय, वजन, जुन्या दुखापती, आणि मॅटवर बूट घालून खेळण्याचा सराव. यातल्या एकाही गोष्टीत वरवर पाहता जात नाही. म्हणूनच नीट बघावे लागते.

चाचणीपर्यंत कोण पोहोचतो?

महाळुंगेच्या बाजूला एका कारखान्यात ठेकेदारामार्फत काम करणारा एक मुलगा माझ्या ओळखीचा आहे. उजव्या कोपऱ्यात खेळतो आणि वस्तीच्या स्पर्धांत त्याच्या पकडीतून सहसा कोणी सुटत नाही. चाचणी कामाच्या दिवशी सकाळी होती. खाडा केला तर ठेकेदार दुसऱ्या दिवशी गेटवर उभे करत नाही, म्हणून त्याने रात्रपाळी केली, सकाळी साडेसहाला कंपनीच्या बसमधून उतरला आणि वडापाव खाऊन थेट मैदानावर गेला. पहिल्याच फेरीत बाहेर. निवडणाऱ्याने त्याच्यावर जाणूनबुजून अन्याय केला नाही. 'संथ आहे' हा शेरा त्या सकाळपुरता खराच होता. प्रश्न एवढाच, की त्या सकाळी मोजले काय गेले? त्याचा खेळ, की त्याची रात्रपाळी?

समाजशास्त्रात याला संधीची विषमता म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर शर्यत शिट्टी वाजण्याआधीच सुरू झालेली असते. ज्याच्या घरी दूध-अंडी रोज आहेत, ज्याला मॅटवरचा सराव मिळतो, ज्याच्या गुडघ्याला मार लागला तर घरचे एमआरआय काढू शकतात, आणि ज्याच्या मामा-काकांना जिल्हा संघटनेतले कोणी नावाने ओळखते, तो आणि आपला रात्रपाळीचा पोरगा एकाच रेषेवर उभे दिसतात. उभे असतात दोन वेगळ्या रेषांवर.

यात आणखी एक गोष्ट विसरू नका. महाराष्ट्राची कबड्डी केवळ मंडळांनी जगवली नाही, ती कंपन्यांनी आणि आस्थापनांनीही जगवली. भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, महिंद्रा, मध्य रेल्वे अशा संघांमुळे खेळाडूला पगार, सरावाची वेळ आणि म्हातारपणाची सोय मिळायची. चांगली चढाई करणारा पोरगा खेळाडू म्हणून कामाला लागायचा आणि कायम व्हायचा. ही शिडी कायम नोकरीवर उभी होती. कायम नोकरीची जागा ठेकेदारीने घेतली, तेव्हा कामगाराच्या हक्कांबरोबर खेळाडूच्या पायाखालची शिडीही गेली. आज चाकणमध्ये हजारो तरुण हात राबतात, पण त्यांतल्या बहुतेकांची हजेरी ठेकेदाराच्या वहीत आहे. ठेकेदार संघ उभा करत नाही.

मुलींचे तर विचारूच नका. भारताच्या महिला संघाने २०१० आणि २०१४ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक जिंकले. प्रो कबड्डीबरोबर २०१६ साली महिलांचे तीन संघ घेऊन 'वुमेन्स कबड्डी चॅलेंज' झाले आणि तिथेच थांबले. वस्तीतल्या मुलीची गुणवत्ता मोजायला बाजाराने ताजवा ठेवलेलाच नाही. तरी तिच्या बाबतीत "मुलींच्या कबड्डीला प्रेक्षक नाहीत" हे कारण असे सांगतात, जणू तोही निसर्गनियमच.

कोणती जागा कोणाची?

आता तिसरा प्रश्न. निवड म्हणजे फक्त आत की बाहेर एवढेच नसते. आत घेतल्यावर कुठे उभे करतात, हीसुद्धा निवडच असते.

याचा सर्वांत जवळचा पुरावा पुण्यातच आहे. चांभार समाजातले पालवणकर बाळू पुण्यात युरोपियनांच्या क्लबमध्ये मैदानाची निगा राखायचे आणि सरावाला साहेबांना गोलंदाजी करायचे. तासन्‌तास गोलंदाजी, पण बॅट हातात मिळत नसे. पुढे हिंदू संघाने त्यांना घेतले, कारण साहेबांना हरवायचे तर त्यांच्यावाचून गत्यंतर नव्हते. मैदानावर चेंडू त्यांच्या हातून चालायचा, चहाच्या वेळी मात्र त्यांना बाहेर वेगळ्या भांड्यात चहा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. त्यासाठी झगडा करावा लागला, आणि १९२३ साली ते मिळाले त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना. बाळू पुढे काँग्रेसच्या तिकिटावर १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. त्यांच्या राजकारणाशी आपले भांडण आहे. पण खेळाडू म्हणून त्यांना घातलेली मर्यादा त्यामुळे खोटी ठरत नाही. घाम तुमचा, निर्णय आमचा, अशी ती वाटणी होती. जात कामाची विभागणी करून थांबत नाही, ती माणसांच्या पायऱ्या लावते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले. क्रिकेटच्या मैदानावर ते आधीच घडत होते.

हे फक्त आपल्याकडेच घडले असेही नाही. अमेरिकेत हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडूने खेळतात त्या फुटबॉलमध्ये महाविद्यालयीन खेळाडूंची व्यावसायिक संघांत निवड 'ड्राफ्ट'ने होते. १९३६ पासून ही पद्धत आहे. आदल्या वर्षी सर्वांत मागे राहिलेल्या संघाला पहिली निवड, मग क्रमाने बाकीचे. निवडीआधी पोरांना धावायला लावतात, वजन उचलायला लावतात, उंची आणि हाताचा पंजासुद्धा मोजतात. अनेक वर्षे तर बुद्धी मोजायची म्हणून बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची परीक्षाही घेत. ती २०२२ मध्ये बंद केली. इतके शास्त्रशुद्ध मोजमाप! आणि तरीही काळ्या खेळाडूंना अनेक दशके क्वार्टरबॅकच्या जागेपासून, म्हणजे संपूर्ण डाव आखणाऱ्या आणि चालवणाऱ्या जागेपासून, लांब ठेवले गेले. त्यांना धावण्याच्या आणि अडवण्याच्या जागा. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञांनी १९७० च्या सुमारास आकडे मांडून हे दाखवून दिले : निर्णयाच्या मध्यवर्ती जागा गोऱ्यांकडे, कडेच्या जागा काळ्यांकडे.

वॉरेन मून हा काळा क्वार्टरबॅक महाविद्यालयीन स्पर्धा गाजवून आला, पण १९७८ च्या ड्राफ्टमध्ये एकाही संघाने त्याला घेतले नाही. तो कॅनडात गेला, तिथे विजेतेपदे जिंकली, मग अमेरिकेत परतला आणि २००६ साली तिथल्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये पोहोचलेला पहिला काळा क्वार्टरबॅक ठरला. चाळीस वर्षांनी, २०१८ मध्ये, लमार जॅक्सनच्या बाबतीत पुन्हा तेच. महाविद्यालयीन फुटबॉलचा सर्वोच्च सन्मान त्याच्या नावावर असूनही याने जागा बदलावी, चेंडू झेलणारा व्हावे, असे जाणकार सांगत होते. त्याच्याआधी चार क्वार्टरबॅक निवडले गेले, त्याचा क्रमांक बत्तिसावा लागला. पुढच्याच वर्षी तो एकमताने लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. धावण्याचे घड्याळ आणि मोजपट्टी दोघांसाठी तीच होती. "डोके कोणाचे आणि पाय कोणाचे" हा समज मात्र मोजपट्टीच्या आधीच ठरलेला होता.

आपल्या मैदानावरही हे विचारा. पोरगा "ताकदीचा आहे" म्हणून लगेच कोपऱ्यात उभा केला जातो. पण संघ चालवायला, पुढे प्रशिक्षक व्हायला, निवड समितीवर बसायला किती जणांना घेतले जाते? साखळीतली पकड दोघे-तिघे मिळून करतात, गुण बहुधा एकाच्याच नावावर लागतो. मागून आधार देणाऱ्याचे नाव वहीत येत नाही, आणि वहीत नाही ते लिलावातही नसते.

"मग संघातही आरक्षण मागणार का?"

हा प्रश्न येणारच. २०१७ साली रामदास आठवले यांनी क्रिकेट संघात २५ टक्के आरक्षणाची मागणी केली, तेव्हा देशभर टिंगल झाली. टिंगल करणाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेकडे बघावे. वर्णद्वेषाने शतकभर बंद ठेवलेले दार उघडण्यासाठी तिथल्या क्रिकेट मंडळाने २०१६ मध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंच्या प्रतिनिधित्वाचे उद्दिष्ट ठरवून घेतले. टेम्बा बवुमाला 'कोट्यातला खेळाडू' म्हणून हिणवले गेले. त्याच बवुमाच्या नेतृत्वाखाली जून २०२५ मध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाला हरवून दक्षिण आफ्रिका कसोटीची विश्वविजेती झाली. प्रतिनिधित्वाने गुणवत्ता घटत नाही, लपलेली गुणवत्ता बाहेर येते.

दुसरा आक्षेपही ऐकते : "अस्लम इनामदार बघा, नगर जिल्ह्यातल्या गरीब घरातून आला आणि पलटणचा कर्णधार झाला." त्याचे कौतुक मनापासून आहे. पण भिंतीवरून एकाने उडी मारली म्हणून भिंतीला दार आहे असे सिद्ध होत नाही. किती जण भिंतीशीच थांबले, ते मोजा.

माझी मागणी लिलावातल्या खुर्चीची नाही, दाराची आहे. जिल्हा निवड चाचणीची तारीख, ठिकाण आणि निकष पुरेसे आधी जाहीर व्हावेत. चाचणी रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी व्हावी आणि एका सकाळीवर निकाल न लावता किमान दोनदा संधी द्यावी. प्रत्येक मुलाला त्याचे गुण लेखी मिळावेत. निवड समितीत बहुजन आणि महिला खेळाडूंना जागा हवी. महापालिकेने वस्तीजवळच्या मैदानांवर रात्रीच्या दिव्यांसह मॅट द्याव्यात, कारण आपली पोरे दिवसा कंपनीत असतात.

आणि काही कामे आपल्याच हातातली आहेत. प्रत्येक मंडळाने गुणांची वही ठेवावी : किती चढाया, किती रिकाम्या, किती पकडी, साखळीत कोण होते. मोबाइलवर सामने चित्रित करून जपून ठेवावेत. जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा दुखापतीच्या उपचारांसाठी बाजूला काढावा. आणि विहारात येणाऱ्या प्रत्येक खेळाडूला एक गोष्ट ठणकावून सांगावी : आयटीआय किंवा पदवी सोडून चाचण्यांमागे धावू नकोस. राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी स्पर्धेची प्रमाणपत्रे आणि शिक्षण दोन्ही लागतात. गुडघा गेला तर लीग तुझी चौकशी करणार नाही, पदवी मात्र तुझ्याकडेच राहील.

मित्रांनो, पुढच्या वेळी निवड झाली नाही तर "दम नव्हता" म्हणण्याआधी गुणपत्रक मागा. ते दाखवायची त्यांची तयारी नसेल, तर वाद तुमच्या दमाचा नाही, त्यांच्या मोजमापाचा आहे. आणि तो वाद एकट्याने नव्हे, संघटित होऊनच घालायचा असतो.

जय भीम!