शिडे शिवणारा विजेता

१९८४ सालची गोष्ट. लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधल्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती लाँग बीचच्या समुद्रात चालू होत्या. ‘टोर्नेडो’ या अतिशय वेगवान जोडहोडीच्या गटात डेन्मार्कची जोडी सर्वांचे लक्ष वेधून घेत होती. सुकाणू धरून बसलेले गृहस्थ होते ५६ वर्षांचे, आणि तारेच्या आधाराने होडीबाहेर झुकून तोल सांभाळणारी २२ वर्षांची ट्रिने ही त्यांची मुलगी. बापलेकीची ही जोडी चौथी आली. पदक हुकले.

त्या गृहस्थांच्या घरी मात्र चार सुवर्णपदके आधीच होती. त्यांचे नाव पॉल एल्वस्ट्रॉम.

पॉलचा जन्म २५ फेब्रुवारी १९२८ रोजी कोपनहेगनजवळच्या हेलेरुप या गावी झाला. समोरच समुद्र. वडील जहाजाचे कप्तान. पण पॉल लहान असतानाच ते गेले आणि आईने मुलांना वाढवले. शाळेत पॉलचे मन रमेना. अक्षरे डोळ्यांसमोर गोंधळ घालत. ज्याला आज आपण ‘डिस्लेक्सिया’ म्हणतो, तोच हा त्रास. पुस्तकातली ओळ त्याला नीट वाचता येत नसे. पण पाण्यावरून धावत येणारी वाऱ्याची झुळूक तो दुरून ओळखे. शाळेत मागे पडणाऱ्या मुलाला समुद्राने आपलेसे केले.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकच्या नौकाशर्यती टॉर्की इथे झाल्या. अवघ्या विसाव्या वर्षी पॉल तिथे उतरला. पहिली शर्यत त्याने अर्ध्यावरच सोडली. या लाजाळू पोराकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. पण शेवटच्या दोन्ही शर्यती जिंकून त्याने सुवर्णपदक पटकावले! पुढे हेलसिंकी, मेलबर्न आणि नेपल्स इथे, म्हणजे १९५२, १९५६ आणि १९६० साली, ‘फिन’ जातीच्या होडीतून त्याने आणखी तीन सुवर्णपदके मिळवली. सलग चार ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्णपदक मिळवणारा तो पहिला खेळाडू.

हे यश नशिबाने आलेले नव्हते. फिन ही साडेचार मीटर लांबीची, एकाच माणसाने चालवायची होडी. वारा शिडात भरला की ती कलंडू लागते. तेव्हा पायाचे पंजे पट्ट्यात अडकवून सगळे शरीर होडीबाहेर झोकून द्यावे लागते. मांड्या आणि पोट यांची अक्षरशः कसोटी लागते. एल्वस्ट्रॉम यांनी यासाठी एक खास बाक तयार केला आणि त्यावर बसून ते घरीच हा सराव करत. होडीत शिरलेले पाणी होडीच्याच वेगाने बाहेर ओढले जाईल अशी एक झडपही त्यांनी बनवली. ती पुढे जगभरच्या होड्यांत बसवली गेली.

पण त्यांचे खरे प्रेम शिडावर. शीड म्हणजे काठीला ताणून बांधलेले सपाट कापड, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात चांगल्या शिडाला पोट असते. कापडाच्या पट्ट्यांच्या कडा किंचित गोलाकार कापून त्या एकमेकींना शिवल्या, की सपाट कापडाला फुगवटा येतो. ब्लाउजला टक्स घालून शिंपी हेच तर करतो! फुगवटा किती आणि नेमका कुठे, यावर होडीचा वेग ठरतो. जोराच्या वाऱ्यात शीड चपटे हवे. त्या काळी सुती शिडे मागे पडून कृत्रिम धाग्याची शिडे येऊ लागली होती. नव्या कापडाचा स्वभाव वेगळा. तो समजून घ्यायला समुद्रावर जाणारा शिंपी हवा होता.

१९५४ साली एल्वस्ट्रॉम यांनी घरातच शिडे शिवण्याचा व्यवसाय सुरू केला. शर्यतीत जे उमगे ते कात्रीत उतरे, आणि शिवलेल्या शिडाची परीक्षा पुन्हा पाण्यावर होई. पण या धंद्यात एक गंमत होती. शर्यतीची शिडे विकत घेणार कोण? शर्यतीत भाग घेणारेच! ज्यांना हरवायचे, त्यांच्याच हाती आपले उत्तम शीड द्यायचे. व्यवसायाचा धर्मच तो. एल्वस्ट्रॉम यांनी तो पाळला. त्यांच्या नावाची शिडे देशोदेशीच्या होड्यांवर फडकू लागली.

जिंकण्याची किंमतही त्यांनी मोजली. शर्यतीचा ताण त्यांना असह्य होई. १९६० मध्ये सुवर्णपदक आधीच निश्चित झाल्यावर शेवटच्या शर्यतीत ते उतरलेच नाहीत. १९६८ मध्ये ते चौथे आले. त्या वेळी सुवर्णपदक मिळवणारा लोवेल नॉर्थ हा अमेरिकनही शिडे बनवणाराच होता. १९७२ च्या ऑलिंपिकमधून तर स्पर्धा पूर्ण न करताच ते परतले. चार सुवर्णपदकांच्या मानकऱ्याला मनाची घालमेल चुकली नाही.

मात्र एक गोष्ट त्यांनी कधी सोडली नाही. जिंकताना सोबतच्या खेळाडूंच्या मनातला आदर गमावला, तर तो विजय नव्हेच, असे ते मानत. शर्यतीचे किचकट नियम सर्वांना समजावेत म्हणून त्यांनी एक सचित्र पुस्तक तयार केले. नियम बदलले की त्याची नवी आवृत्ती निघे. लहानपणी ज्याला अक्षरे छळत, त्याचेच पुस्तक जगभरचे नाविक जवळ बाळगू लागले.

म्हणूनच १९८४ मधले ते चौथे स्थान वेगळे वाटते. चार वर्षांनी, वयाच्या साठाव्या वर्षी, दक्षिण कोरियातल्या ऑलिंपिकमध्ये बापलेक पुन्हा उतरले. या वेळी ते बरेच मागे राहिले. पण ही त्यांची आठवी ऑलिंपिक होती, आणि पहिलीला चाळीस वर्षे उलटून गेली होती. पदकांसाठी आता त्यांना काही सिद्ध करायचे नव्हते. होते ते फक्त पाणी, वारा आणि शेजारी लेक.

७ डिसेंबर २०१६ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी एल्वस्ट्रॉम यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा शिडांचा कारखाना डेन्मार्कमध्ये आजही चालू आहे. तिथून निघालेले शीड कोणाच्या होडीवर चढेल, विजेत्याच्या की पराभूताच्या, हे कापणाऱ्याला ठाऊक नसते. त्याने फक्त ते नीट कापायचे असते.